४८ तासांच्या अंड्यात ४८ तासांचा भ्रूण का सापडत नाही?

प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ही तक्रार दरवर्षी येते. कोंबडीची फलित अंडी आणली, इन्क्युबेटरमध्ये ठेवली, बरोब्बर ४८ तासांनी बाहेर काढली. पहिल्या अंड्यातला भ्रूण पुस्तकातल्या ३३ तासांच्या आकृतीशी जुळतो. दुसऱ्यात काहीच दिसत नाही. तिसऱ्यात नुसता पांढुरका चकता आणि चौथ्याचा बलक हातातच फुटतो. मग ‘अंडी खराब निघाली’ म्हणून विषय मिटतो आणि मुलं कपाटातल्या जुन्या स्लाइडवरून आकृत्या काढून जर्नल पूर्ण करतात. मला याचं फार वाईट वाटतं. बलकावर धडधडणारं इवलंसं हृदय ज्यानं एकदा डोळ्यांनी पाहिलं, त्याला भ्रूणविज्ञान पाठ करावं लागत नाही. आणि बहुतेक वेळा अंडी खराब नसतातच. गडबड कुठे झाली ते शोधता येतं आणि पुढच्या वेळी टाळताही येतं.

सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या. एका अंड्यावरून निदान करू नका. एकाच खेपेतली निदान पाच-सहा अंडी एका बैठकीत फोडा आणि प्रत्येकाची नोंद लिहा: भ्रूण आहे का, सोमाइटच्या (भ्रूणाच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना जोडीनं उमटणाऱ्या ठोकळ्यांच्या) किती जोड्या मोजता आल्या, हृदय चालू आहे का, रक्तवाहिन्यांचं जाळं कुठवर पोचलंय. मग हा कागद समोर ठेवा. सगळे भ्रूण सारखेच मागे असतील तर दोष उष्णतेचा किंवा वेळ मोजण्याचा. सगळेच पुढे असतील तर वाढ इन्क्युबेटरच्या आधीच सुरू झाली होती. काही पुढे, काही मागे असतील तर वेगवेगळ्या दिवसांची अंडी एकत्र आली आहेत, किंवा वरच्या आणि खालच्या कप्प्यात तापमान वेगळं आहे. बहुतेक अंडी रिकामी निघाली तर ती फलित नव्हती किंवा फ्रिजमध्ये राहिली होती. भ्रूण आहेत पण मेलेले आहेत, हा वेगळा प्रकार. त्याकडे पुढे येतो.

सोमाइट मोजायला का सांगतोय? तास फसवतात म्हणून. फलन अंडवाहिनीच्या तोंडाशी होतं आणि पुढचा जवळजवळ एक दिवस अंडं कोंबडीच्या पोटातच, ४०-४१ अंशांच्या उबेत असतं. त्यामुळे घातलेल्या ताज्या अंड्यातही हजारो पेशींची चकती तयार झालेली असते. कोणतं अंडं पोटात किती वेळ राहिलं, त्याप्रमाणे ही सुरुवातच थोडी मागेपुढे होते. त्यात साठवण, प्रवास आणि इन्क्युबेटर यांची भर पडते. व्हिक्टर हॅम्बर्गर आणि हॉवर्ड हॅमिल्टन या भ्रूणशास्त्रज्ञांनी १९५१ साली ४६ अवस्थांची मालिका दिली ती याच अडचणीमुळे. त्यांनी भ्रूणाचं वय त्याच्या रूपावरून ठरवलं, घड्याळावरून नाही.

तुमच्या कामापुरते चार टप्पे लक्षात ठेवा. सोमाइटची पहिली जोडी साधारण २३ ते २६ तासांत दिसते, ही सातवी अवस्था. १० जोड्या म्हणजे दहावी अवस्था, ३३ ते ३८ तास. हृदयाचे पहिले ठोके याच सुमारास पडू लागतात. १६ जोड्या म्हणजे बारावी, ४५ ते ४९ तास. २२ जोड्या म्हणजे चौदावी, ५० ते ५३ तास. मधल्या काळात साधारण दर दीड तासाला एक नवी जोडी उमटते. त्यापुढे मोजणी अवघड होत जाते, कारण पुढच्या जोड्या विस्कटू लागतात आणि शरीर वळतं. तेव्हा मान व मेंदूचा बाक आणि हातापायांचे कोंब पाहून अवस्था ठरवावी.

आता समजा, ४८ तासांनी तुम्हाला सगळ्या अंड्यांत १३ च्या आसपास जोड्या मिळाल्या. ही अकरावी अवस्था, म्हणजे ४० ते ४५ तासांची वाढ. तीन ते आठ तास गेले कुठे? १५-१६ अंशांवर ठेवलेली अंडी थेट इन्क्युबेटरमध्ये गेली तर टरफल लवकर तापतं, पण आतला बलक ३७ अंशांवर यायला काही तास जातात. हवा खेळवणारा पंखा नसेल तर आणखी वेळ लागतो. तेवढा काळ घड्याळ चाललं, भ्रूण मात्र जवळजवळ थांबून राहिला. यात बिघाड काहीच नाही. अंडी एकाच वेळी न ठेवता टप्प्याटप्प्यानं ठेवा. प्रात्यक्षिक बुधवारी असेल तर सोमवारी कॉलेज उघडताच एक गट, दुपारी दुसरा, संध्याकाळी तिसरा. टरफलावर पेन्सिलीनं वेळ लिहा. बुधवारी हवी ती अवस्था कुठल्या ना कुठल्या गटात सापडते, आणि मुलांना एकाच दिवशी तीन अवस्था शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात. माझ्या मते एवढ्या एका बदलानं प्रात्यक्षिकाचं रूपच पालटतं.

अंडं फोडलं, आत काहीच नाही

किराणा दुकानातलं अंडं वापरलं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. लेअर फार्मवर, म्हणजे खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे, कोंबडे नसतात. ती अंडी फलित असूच शकत नाहीत. ‘गावठी’ म्हणून विकलेल्या तपकिरी अंड्यांचीही खात्री नाही, कारण टरफलाचा रंग जातीवर अवलंबून असतो, फलनावर नाही. उबवणीची अंडी मागा, आणि ‘उबवणीसाठी हवीत’ हे स्पष्ट सांगून मागा. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे आहेत. गावात कुणाकडे कोंबड्यांबरोबर कोंबडा फिरत असेल तर तेही चालतं; साधारण दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हवा. मात्र कोंबडा कधी विकला किंवा कापला हे विचारून घ्या. कोंबडीच्या अंडवाहिनीत शुक्राणू साठून राहतात, त्यामुळे कोंबडा गेल्यावरही आठ-दहा दिवस फलित अंडी मिळतात. नंतर प्रमाण भराभर उतरतं.

अंडी आली की उबवायच्या आधी त्यातली एक-दोन बशीत फोडून पाहा. बलकावरचा पांढरा ठिपका भिंगाखाली धरा. फलित नसलेल्या अंड्यात तो लहान, गच्च पांढरा आणि कडेला वेडावाकडा असतो, भोवती बारीक पोकळ्या दिसतात. फलित अंड्यात तो मोठा, चांगला गोल, साधारण ४ मिलिमीटरचा असतो. मधला भाग पारदर्शकतेकडे झुकलेला आणि भोवती पांढरं कडं. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा चुकत नाही. दोन अंडी गेली म्हणून हळहळू नका, दोन दिवस वाचतात.

दुसरी शक्यता फ्रिजची. अंडी म्हटल्यावर प्रयोगशाळेतलं कुणीतरी चांगल्या हेतूनं ती फ्रिजच्या दारात ठेवतं. ४ अंशांवर काही दिवस गेले की बहुतेक भ्रूण दगावतात, आणि फोडल्यावर ‘फलित नव्हती’ असंच वाटतं. उबवणीची अंडी १३ ते १८ अंशांवर, निमुळतं टोक खाली करून, आठवड्याच्या आतच ठेवावीत. त्यानंतर दर दिवसागणिक भ्रूण अशक्त होतो, आणि जगला तरी वाढ उशिरा पकडतो. एवढं थंड ठिकाण नसेल तर ओल्या वाळूच्या थरावर मडकं ठेवून त्यात अंडी ठेवा. देशावरच्या कोरड्या हवेत हे चांगलं चालतं, कोकणातल्या दमट हवेत फारसं नाही. तिथे अंडी आणल्या दिवशीच लावणं उत्तम.

चकता मोठा, पण भ्रूण नाही

ही तक्रार मार्च ते जूनमध्ये जास्त येते. ब्लास्टोडर्म (बलकावरची पेशींची चकती) पसरलेला असतो, पण मध्ये भ्रूणाचा डोक्यापासून शेपटापर्यंतचा अक्ष नाही, सोमाइट नाहीत, सगळं विस्कळीत. कारण आपल्या उन्हाळ्यात आहे. साधारण २१ अंशांच्या खाली भ्रूणाची वाढ थांबलेली राहते आणि उबवणीला हवेत ३७.५ च्या आसपास. या दोहोंच्या मधलं तापमान सगळ्यात घातक. २८-३२ अंशांच्या खोलीत अंडं धड थांबतही नाही आणि धड वाढतही नाही. पेशी विभागत राहतात, कडा पसरतात, पण भ्रूणाची घडण नीट होत नाही. विदर्भात एप्रिलच्या दुपारी बंद खोलीत किंवा गाडीच्या डिकीत अंडी राहिली, तर उबवणी तिथेच सुरू झाली असं समजा. वाढ एकसारखी झाली असेल तर भ्रूण ठरल्या वेळेच्या पुढे दिसतात. अर्धवट झाली असेल तर हा चकता मिळतो.

यानं मोठमोठ्यांना चकवलं आहे. सतराव्या शतकात इटलीतल्या बोलोन्यात शरीररचनातज्ज्ञ मार्सेलो मालपिगी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली न उबवलेल्या अंड्यातही भ्रूणाची आकृती पाहिली आणि १६७२ साली आपली निरीक्षणं मांडली. जीव अंड्यात आधीच घडलेला असतो असं मानणाऱ्यांना त्यातून मोठा आधार मिळाला. पण ते अंडं ऑगस्टच्या कडक उन्हाळ्यातलं होतं, म्हणजे हवेच्या उष्णतेनं वाढ सुरू झालेली असणार. एवढ्या बारीक नजरेच्या माणसाच्या निरीक्षणात खोलीचं तापमान शिरू शकतं, तर आपल्या प्रयोगशाळेत ते शिरणारच. म्हणून अंडी मिळाल्यापासून इन्क्युबेटरमध्ये जाईपर्यंतचं तापमान वहीत लिहा. कोष्टकात हा रकाना सहसा नसतो, तो हातानं आखून घ्या.

इन्क्युबेटर ३७ दाखवतोय, तरी भ्रूण मागे

बहुतेक कॉलेजांत अंडी सूक्ष्मजीवशास्त्राच्या इन्क्युबेटरमध्ये जातात. तो जिवाणू वाढवायला बनवलेला असतो. त्यात पंखा नसतो किंवा असला तरी मंद, ओलावा नसतो, आणि तापमान जिथे मोजलं जातं तिथे तुमचं अंडं नसतं. वरच्या आणि खालच्या कप्प्यात एक-दोन अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून बाहेरच्या आकड्यावर विसंबू नका. थर्मामीटर अंड्याच्या वरच्या पृष्ठभागाच्या उंचीवर ठेवा, कारण भ्रूण तिथेच असतो. पंखा असेल तर तिथे ३७.५ ते ३७.८ अंश हवेत. पंखा नसेल तर हवेचे थर पडतात. तेव्हा अंड्याच्या माथ्याशी साधारण ३८.५ धरावं.

तो थर्मामीटर तरी बरोबर आहे कशावरून? घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर इथे कामाला येतो. ३७-३८ अंशांच्या पट्ट्यात तो भरवशाचा असतो. पेल्यात कोमट पाणी घेऊन दोन्ही एकत्र बुडवा, फरक लिहून ठेवा आणि तेवढी दुरुस्ती करा. प्रयोगशाळेतल्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्धा-एक अंशाची चूक आढळली तर आश्चर्य मानू नका. भ्रूणाला हा फरक मोठा असतो. एक-दीड अंश कमी असेल तर तो जगतो पण रेंगाळतो. उष्णता जास्त झाली तर मात्र माफी नाही. ४० च्या वर काही तास गेले की मेंदू आणि मज्जानलिकेत व्यंग दिसू लागतं आणि बरेच भ्रूण मरतात. चुकायचंच असेल तर थोडं थंड चुकावं.

वीज जाण्याची भीती लोकांना गरजेपेक्षा जास्त वाटते. खुडूक कोंबडीसुद्धा दाणापाण्यासाठी रोज अंड्यांवरून उठते. तास-दीड तास वीज गेली तर दार उघडू नका, बस्स. तळाशी पाण्यानं भरलेल्या बाटल्या आधीपासून ठेवल्या असतील तर त्या ऊब धरून ठेवतात. तेवढा वेळ हिशोबात वाढवा आणि पुढे चला. खरा त्रास दर तासाला ‘बघू तरी’ म्हणून दार उघडणाऱ्यांचा असतो.

ओलाव्याचं म्हणाल तर पहिल्या दोन-तीन दिवसांच्या प्रात्यक्षिकासाठी एका पसरट ट्रेमधलं पाणी पुरतं. पुढे नेणार असाल तर ५० ते ६० टक्के आर्द्रता सांभाळावी लागते आणि रोज तीन-चार वेळा अंडी फिरवावी लागतात, नाहीतर भ्रूण कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. आणि जिवाणूंच्या प्लेट्स त्याच कपाटात नकोत. टरफलाला हजारो छिद्रं असतात.

भ्रूण आहे, पण मेलेला

४८ तासांच्या सुमारास मेलेला भ्रूण फिकट, दुधाळ आणि कडेनं विरघळल्यासारखा दिसतो. तीन-चार दिवसांच्या अंड्यात रक्ताचं कडं दिसलं, म्हणजे मधल्या वाहिन्या नाहीशा आणि परिघावर लाल वर्तुळ, तर रक्ताभिसरण सुरू झाल्यावर भ्रूण दगावला. अशी एक-दोन अंडी प्रत्येक खेपेत निघतात. संख्या जास्त असेल तर तीन गोष्टी तपासा. अंडी जुनी होती का? एसटीच्या मागच्या सीटवर हादरत आली का? आली असतील तर रुंद टोक वर करून एक रात्र स्वस्थ ठेवूनच लावायची. आणि कुणी ती धुतली का? घाण दिसली की पाण्याखाली धरायचा मोह होतो, पण त्यानं टरफलावरचा नैसर्गिक लेप जातो आणि जिवाणूंना वाट मिळते. कोरड्या कापडानं पुसा, फारच मळलेलं अंडं बाजूला काढा. पावसाळ्यात थंड जागेतून काढलेल्या अंड्याला घाम सुटतो. त्यानंही तेच होतं. आधी सुकू द्या, मग लावा.

फोडताना बलक फुटतो, भ्रूण हरवतो

इथे हातकौशल्य लागतं, पण ते शिकवता येतं. फोडायच्या अर्धा तास आधी अंडं आडवं ठेवा आणि हलवू नका. बलकाची भ्रूणाकडची बाजू हलकी असते, ती फिरून वर येते. वरच्या जागी पेन्सिलीनं फुली मारा आणि अंडं न फिरवता खालून टिचकवून वाटीतल्या सलाइनमध्ये, पृष्ठभागाला टेकवूनच उघडा. उंचावरून सोडलेला बलक फुटणारच. भ्रूण कुठल्या दिशेला पडलाय हेही आधी ओळखता येतं: रुंद टोक तुमच्या डाव्या हाताला असेल तर डोकं बहुतेक वेळा तुमच्यापासून दूरच्या बाजूला असतं.

सलाइन ३८ अंशांचं हवं. लिटरभर पाण्यात ७.२ ग्रॅम सोडियम क्लोराइड, ०.३७ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि ०.२३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट हे पक्ष्यांच्या पेशींना मानवतं. थोड्या वेळच्या निरीक्षणासाठी औषधाच्या दुकानातलं ०.९ टक्क्यांचं सलाइनही भागवतं. नळाचं पाणी मात्र नको, रक्तपेशी फुटतात. हृदय थांबलेलं दिसलं तर लगेच मेलं म्हणू नका. ड्रॉपरनं कोमट सलाइन सोडा; गार पडल्यामुळे थांबलेलं हृदय बऱ्याचदा पुन्हा चालू होतं, आणि त्या क्षणी सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा होतो.

भ्रूण बलकावरून उचलायला त्याच्याभोवती फिल्टर पेपरची रिंग ठेवतात; ती घसरते, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी अडचण. कारण बहुतेक वेळा एकच असतं: ब्लास्टोडर्मवर घट्ट पांढऱ्याचा थर राहिलेला असतो. सलाइनची पातळी बलकाच्या माथ्याखाली आणा आणि टिश्यू पेपरच्या घडीनं तो थर अलगद बाजूला ओढून घ्या. मग रिंग ठेवा, कागद आपोआप धरतो. रिंगचं छिद्र एवढं हवं की भ्रूण मध्ये मोकळा राहील आणि कागद त्याच्या भोवतीच्या रक्तवाहिन्यांच्या पट्ट्यावर टेकेल. धारदार कात्रीनं कागदाच्या बाहेरून चारी बाजू कापा आणि दुधावरची साय उचलावी तशी एका कडेनं तिरकी उचला. सरळ वर ओढली की बलक खेचला जातो आणि मधला भाग फाटतो. मग दुसऱ्या बशीत, स्वच्छ कोमट सलाइनमध्ये दोनदा खंगाळा.

पेट्रीडिशमध्ये भ्रूण वाढवून त्यावर प्रयोग करण्याची परंपरा महाराष्ट्रातही आहे. एडिंबरोला भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आलेल्या डॉ. लीला मुल्हेरकरांनी पुणे विद्यापीठात कोंबडीच्या भ्रूणावरचं संशोधन रुजवलं. तुमच्या कॉलेजात ही रिंग जमू लागली की तिकडे जाणारी पहिली पायरी चढून झाली.

स्लाइड काळी, सुरकुतलेली किंवा दुधाळ

काळे ठिपके म्हणजे न धुतलेले बलकाचे कण. रंगवल्यावर ते निघत नाहीत, म्हणून खंगाळताना घाई नको. सुरकुत्या पडतात त्या भ्रूण थेट फिक्सेटिव्हमध्ये (ऊती आहे तशी टिकवणाऱ्या द्रावणात) बुडवल्यानं. वॉच ग्लासमध्ये रिंगसकट सपाट पसरवा, जास्तीचं सलाइन टिपून घ्या आणि बुइन द्रावण (पिवळं फिक्सेटिव्ह) थेंबाथेंबानं सोडा. आकार पक्का झाला की मग पूर्ण बुडवा. पिवळेपणा ७० टक्के अल्कोहोलमध्ये, पिवळं उतरायचं थांबेपर्यंत, पुन्हा पुन्हा बदलून काढावा.

स्लाइडसाठी पारदर्शक करायला झायलीनमध्ये टाकताच भ्रूण दुधाळ झाला तर आत पाणी राहिलं आहे. पावसाळ्यात हे हमखास होतं, कारण उघड्या बाटलीतलं ॲब्सोल्युट (पाणीविरहित) अल्कोहोल हवेतला ओलावा ओढून घेतं. भ्रूण फेकू नका. नवीन बाटलीतल्या ॲब्सोल्युट अल्कोहोलमध्ये परत न्या, दोन वेळा बदला, मग पुन्हा झायलीनमध्ये ठेवा. काचेसारखा स्वच्छ झाल्यावरच डीपीएक्स (स्लाइड कायम करायचा चिकट पदार्थ) लावा, आणि लेबलवर तासांबरोबर सोमाइटच्या जोड्यांची संख्याही लिहा.